लोकरवाडीची खानेसुमारी

श्रीबिरोबाचे पायी मस्तक ठेवून आणि ग्रामदेवता, शिवेची देवता व चुलीची देवता यांसी स्मरून हकीकत लिहिली जाते ऐसी जे : शके १९२२, विक्रमनाम संवत्सरे, फाल्गुन मासी शुक्लपक्षी, इंग्रजी सन दोन हजार एक, मार्चची पहिली ते पाचवी, या पाच दिवसांत मौजे लोकरवाडी, तालुके शिरूर, घोड नदीचे काठी जी थोर मोहीम जाहली, जिच्यात एक फटफटी जाया जाहली आणि मनुष्यहानी अजिबात न होता उलट मनुष्यवाढ जाहली, त्या मोहिमेचा साद्यंत करीना येणेप्रमाणे.

लोकरवाडी म्हणजे एक्केचाळीस चुलींचे गाव. पूर्वी तमाम रयत मेंढरांमागे कोकणापावेतो जात असे आणि आखाडात परत येत असे. मग कॅनॉलचे पाणी आले आणि मेंढरे विकली गेली आणि काठ्या आढ्याला टांगल्या आणि कोणी कांदा लाविला, कोणी ऊस लाविला, कोणी दुधाची किटली उचलली, आणि तरणे लोक रांजणगावी कंपनीचे चाकरीस जाऊ लागले. ऐसे सर्व पालटले, परंतु मेंढक्यांचा एक जुना कायदा कोणी विकला नाही. तो कायदा ऐसा जे, कळप पुरा मोजू नये. वाड्याच्या तोंडाशी उभे राहून मेंढरे मोजावी, आणि एक मेंढरू मनात धरून सोडून द्यावे. ते बिरोबाचे. पुरा आकडा तोंडातून गेला की नजर लागते आणि लांडग्यास बातमी पोचते. मेंढरे गेली, लांडगेही गेले, तरी मोजण्याची वेळ आली की लोकरवाडीच्या माणसाची जीभ आपसूक एकाने आखडते.

या गावी मातोश्री गिताबाई, वय वर्षे पासष्ट, बोलण्यात मऊ आणि नेमात वज्र, ऐसी मातबर बाई होती. मंगळवारी अळणी, गुरुवारी दत्ताचा उपास, शनिवारी मारुतीस रुईची माळ, आणि सोमवारी सूर्य उगवल्यापासून दिवेलागणीपावेतो मौन. हे मौन बावीस वर्षे अभंग चालिले होते. एकदा सोमवारी पायावर पाट पडला तेव्हाही मातोश्रींनी तोंडातून शब्द जाऊ दिला नाही, फक्त पाटाकडे ऐसे पाहिले की तो पाट पुढे कोणी वापरला नाही. या सर्वांवर शिरोमणी नेम ऐसा जे, रोज सकाळी बिरोबापुढे गावातील दर चुलीच्या नावाने एक, ऐशा एक्केचाळीस वाती लावणे, आणि त्या वातींचे तेल स्वकष्टाचे असणे. लेकाच्या पैशाचे तेल चालत नसे. स्वकष्ट म्हणजे मेथी. घरामागील दोन वाफ्यांत मेथी करून, जुड्या बांधून, पाटी डोईवर घेऊन मातोश्री दीड कोस फाट्यापावेतो पायी जात आणि तिथून एस.टी.ने शिरूरचे बाजारी जात.

परंतु दीड कोस तोच होता आणि गुडघे ते राहिले नव्हते. तेव्हा चिरंजीव रविराज, कांद्याचे शेतकरी आणि स्वभावे तापट, यांणी संक्रांतीस चुलीसमोर हुकूम केला जे, "आई, आता शेवटचं सांगतो. गाडी गावात आली तर कर मेथी. न्हाई आली तर पाडव्यानंतर पाटी माळ्यावर. रस्त्यात पडलीस म्हंजी लोकं मला शेण घालतील."

सूनबाई सुषमा, बोलण्यात तिखट आणि सासूवर जीव लावणारी, हिने रदबदली केली जे, "तेलाची बाटली म्या आणून देते की."

"तुझं तेल तुझ्या भाजीला घाल," मातोश्री म्हणाल्या. "देवाला माझ्या गुडघ्याचं पाहिजे."

मग गाडीसाठी अर्ज गेला. आगारातून फर्मान आले ऐसे जे, यंदाचे सरकारी खानेसुमारीत, जिला लोक जनगणना म्हणतात, तीनशे डोकी भरल्यास गाडी गावात येईल, आणि दोनशे नव्व्याण्णव भरल्यास गाडी फाट्यावरच उभी राहील. या फर्मानाने मातोश्रींच्या एक्केचाळीस वाती सरकारी कागदाला टांगल्या गेल्या.

खानेसुमारीचे कामी मच्छिंद्र गुरुजी, राहणार मांडवगण फराटा, हे नामजाद जाहले. नवखे, कागदाला काटेकोर, माणसाला भिडस्त. माघ मासी यांणी फटफटीवरून गावावर स्वारी केली आणि घरोघरी दोन सवाल टाकले : घरात कोण कोण, आणि काय करता. आणि चौथ्या दिवशी पिंपळाच्या पारावर आकडा वाचला : दोनशे साठ.

मातोश्रींनी डोईवरची पाटी खाली ठेविली. बिरोबाच्या जत्रेला ज्या गावच्या पंगती उठता उठत नाहीत ते गाव दोनशे साठ कसे, हा विचार त्यांणी रात्रंदिवस केला. दैवयोगे कायद्यात एक कलम शिल्लक होते. मार्चच्या पहिलीपासून पाचवीपावेतो गुरुजींनी फेरतपासणीस यावे आणि चुकलेली डोकी दाखल करावी. पाचवीचा सूर्य मावळला की कागद बंद.

पहिल्या तारखेस, गुरुवारी, मातोश्रींनी उपाशी पोटी सायंकाळी बिरोबापुढे गाव जमा केले आणि मऊ आवाजात विचारले, "देवासमोर हाय, खरं सांगा. गुरुजींला सांगताना कुणी कुणी एक माणूस मागं ठेवलं?"

एक जण सभामंडपाचे पत्रे मोजू लागला. मग मातोश्रींनी आपला हात वर केला. "म्या माझंच नाव सांगितलं न्हाई," त्या म्हणाल्या. मग एक हात वर आला, मग चार, मग घरटी एक ऐसे एक्केचाळीस हात वर आले. प्रत्येकास वाटले होते की कायदा आपणच पाळतो आहोत, बाकीचे गाव सुधारले आहे.

तेव्हा पंच साहेबराव, साखर कारखान्यावर मुकादम, हिशेबाचे पक्के, यांणी जमिनीवर काडीने मांडले जे, दोनशे साठ आणि एक्केचाळीस मिळोन तीनशे एक. सभेत आनंद जाहला. परंतु रखमाजी आबा उठले. वय ऐंशी, ओढ्यापलीकडे झोपडीत एकटे, मेंढरे विकून पंधरा वर्षे जाहली तरी रोज काठी घेऊन मोकळ्या माळावर जाऊन उभे राहणारे. आबांनी काठी आपटून निवाडा दिला, "सरकारला आकडा पाहिजे, देवाला वाटणी पाहिजे. अख्खा कळप मोजायचा न्हाई. गावामिळून एक तरी भाईर ठेवा."

हा प्रश्न बाका. बाहेर कोणी राहावे? कारण बाहेर राहील त्याच्यावर गावाची सगळी नजर येणार. रयत एकमेकांच्या पायांकडे पाहू लागली. तेव्हा मातोश्री गिताबाई पुढे झाल्या आणि चिमूटभर भंडारा उचलून आपल्या कपाळी लाविला आणि शपथ वाहिली जे, "म्या ऱ्हाते भाईर. तीनशे भरत्यात न्हवं? मग झालं. ह्या गावचं एक मानूस बिरोबाचं, मोजायचं न्हाई, आन् ते म्या."

आबा म्हणाले, "शपथ झाली गं."

"झाली," मातोश्री म्हणाल्या. आणि ज्या बाईने शब्द कधी मोडला नाही तिचा शब्द पडला म्हणून सर्व निर्धास्त जाहले.

शुक्रवारी मोहीम उघडली. आघाडीस मच्छिंद्र गुरुजी, कागदांचे बाड काखेत. मागे गिताबाई, पाटीत मेथी. आणि मग घरोघरी लपलेली माणसे ऐसी बाहेर पडू लागली की गुरुजी घामाघूम जाहले. कोणाची आजी निघाली, कोणाचा धाकटा निघाला, एका घरी तर खुद्द माहिती सांगणाराच राहून गेला होता. गुरुजी विचारीत, "हे आधी का सांगितलं नाही?" उत्तर येई, "आधी तुम्ही नवीन होता." काय करता, हा सवाल आला की सगळ्यांचे एकच ठरलेले उत्तर, "शेती." अंगात कंपनीचा निळा शर्ट आणि हातात जेवणाचा डबा, तरी शेती. गुरुजींनी एकास हटकले, तर तो म्हणाला, "कंपनीत जातो हो, पर करतो शेती." शनिवारअखेर अडतीस घरे दाखल जाहली.

रविवारी विठाबाईच्या वाड्याशी गाठ पडली. विठाबाई म्हणजे चार म्हशींची मालकीण, दूध डेअरीत जिच्या आवाजाने फॅट वाढतो ऐसी ख्याती. सून अपेक्षा हिचे दिवस भरत आले होते आणि ऐशा वेळी घरातला आकडा बाहेर देणे नाही म्हणून विठाबाईंनी दरवाजा लावून घेतला.

"कोण राहिलंय तुमचं?" गुरुजींनी दाराबाहेरून अर्ज केला.

"कोन न्हाई."

"विठाबाई, हात वर केलावता तू," मातोश्री म्हणाल्या.

"वारं घ्यायला केलावता."

मग मातोश्री उंबऱ्यावर बसल्या आणि मेथीच्या जुड्या सोडून पुन्हा बांधू लागल्या आणि काही बोलल्या नाहीत. या शस्त्रापुढे फार थोडे किल्ले टिकतात. अर्ध्या घटकेत दरवाजा किलकिला जाहला आणि विठाबाईंचा आवाज आला, "सगळी नजर तूच घेनार ना अंगावर? नक्की?"

"नक्की."

"माझ्या सुनेची पन?"

"तिची आधी."

तेव्हा दरवाजा उघडला आणि आतून विठाबाईंचे यजमान सोपानराव बाहेर आले, सहा फूट उंच, दाराच्या चौकटीतून तिरपे निघणारे.

गुरुजी थक्क. "एवढा मोठा माणूस लपवला होता?"

"लपवायचं तर भारीतलं लपवावं," विठाबाई म्हणाल्या. "हलक्यानं देवाचं काय भागतं?"

"आणि हे काय करतात?"

"बसत्यात."

"कुठे?"

"पारावर."

गुरुजींनी दीर्घ श्वास घेऊन शेती लिहिली.

आता एकच ठाणे उरले, ते ओढ्यापलीकडे रखमाजी आबांचे. उन्हे कलली होती म्हणून स्वारी तहकूब करून सोमवारी, पाचवीस, जाणे ठरले. सोमवार म्हणजे मातोश्रींचे मौन, परंतु आबांच्या एका नावासाठी बोलणे लागणार नाही ऐसे समजून कोणी चिंता केली नाही. चुका ऐशाच ठिकाणी टपलेल्या असतात.

सोमवारी तिसरे प्रहरी तमाम गाव विजय पाहण्यास आबांच्या झोपडीपुढे लिंबाखाली जमा जाहले. गुरुजींनी कागद उघडला. "रखमाजी आबा, मागच्या खेपेला तुम्ही कुंपणावरूनच सांगितलं होतं, घरात एकच. वाघ्या रखमाजी, वय नऊ, काम राखणीचं. आता तुमचं नाव घालतो. पण आबा, मला या पोराचं वाईट वाटतं. नऊ वर्षांचं लेकरू शाळेत नाही. मी त्याच्यासाठी पाटी आणलीय." ऐसे म्हणोन गुरुजींनी पिशवीतून कोरी पाटी काढिली. "बोलवा त्याला."

आबांनी शीळ घातली. माळावरून धूळ उठली, आणि शेपूट हलवीत वाघ्या आला आणि त्याने पाटी चाटली.

गुरुजींनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लाविला.

"हा कुत्रा आहे," गुरुजी म्हणाले.

"मग मी कवा म्हनलो मानूस हाय?" आबा म्हणाले. "तुम्ही इच्यारलं घरात कोन. मी माझं नाव मागं ठेवल्यालं. मग घरात ऱ्हायलं कोन? त्यो."

गुरुजींनी वाघ्याचे नाव छाटले, आबांचे घातले, आणि बेरीज करून फिकट तोंडाने वाचली : दोनशे नव्व्याण्णव.

तेसमयी जो आकांत जाहला तो काय लिहावा. साहेबराव काडीने जमीन उकरू लागले. कोणी म्हणे वाघ्यास तैसाच ठेवा, माणसाहून हुशार आहे. गुरुजी म्हणाले, माझी नोकरी जाईल. विठाबाईंनी अपेक्षेस पुढे करून सांगितले, "ही घ्या. एकात दोन हायत." गुरुजी म्हणाले, कायदा ऐसा की पहिल्या मार्चच्या आत जन्मला तोच माणूस. विठाबाई म्हणाल्या, "चार दिसानं काय बिघडतं, गाडीत बसायला त्याला वरीस लागंल." तरी गुरुजी ऐकेनात. सूर्य लिंबाच्या शेंड्याखाली आला.

मग एकेक करून सगळ्यांचे डोळे मातोश्रींकडे वळले. तीनशेवे माणूस समोर बसले होते, कपाळी चार दिवसांच्या भंडाऱ्याची पिवळी खूण, पुढ्यात मेथीची पाटी, आणि तोंड बंद.

"आत्या," सुषमा जवळ येऊन बसली, "तुमचं नाव घालू द्या की. तुम्ही बोलू नका. म्या सांगते."

मातोश्रींनी मान हलविली. नाही.

"आई," रविराज म्हणाला, आणि त्याचा आवाज यावेळी तापट नव्हता, "तुझी मेथी जाईल. तेल जाईल. एक शपथ मोड. देवाला कळतंय."

पुन्हा मान हलली. मातोश्रींच्या मनात काय चालले होते ते ऐसे. नाव घातले तर शपथ मोडते, आणि विठाबाईच्या सुनेची नजर आपण घेतो म्हणून उंबऱ्यावर बसून दिलेला शब्द खोटा होतो. नाव न घातले तर वाती विझतात. एका बाजूस अपेक्षेचे पोट, एका बाजूस एक्केचाळीस ज्योती. बावीस वर्षांत देवाने ऐसा पेच घातला नव्हता. त्यांणी डोळे मिटले आणि बिरोबास मनात म्हटले, म्या काय करू ते तूच दाव, मला बोलता येत न्हाई आज, तुला येतंय.

डोळे उघडले तेव्हा गुरुजी पुन्हा मोजीत होते. कोठे चूक राहिली का म्हणोन पेन्सिलीने समोरच्या माणसांवर टोके मारीत होते. पेन्सिल साहेबरावांवर गेली, सोपानरावांवर थोडी जास्त वेळ राहिली, अपेक्षेवर गेली, आबांवर गेली, वाघ्यावरून उडी मारून पुढे गेली आणि शेवटी परत कागदावर आली. मातोश्रींनी ती पेन्सिल नीट पाहिली. पेन्सिल सर्वांकडे गेली, पण जो पेन्सिल धरून होता त्याच्याकडे ती काही वळली नाही.

मातोश्री गुडघ्यावर हात देऊन उठल्या. कमरेच्या पिशवीतून भंडारा काढिला. तमाम गावाच्या देखत पाच पावले चालून गुरुजींपुढे उभ्या राहिल्या आणि कोणास काही कळायच्या आत मूठभर भंडारा गुरुजींच्या कपाळी चोळला, ऐसा की थोडा चष्म्यावर पडला आणि थोडा सरकारी कागदावर. मग पदराने आपल्या कपाळीची खूण पुसून टाकिली.

"आजी, हे काय?" गुरुजी शिंकले.

परंतु रखमाजी आबांना कळले. ऐंशी वर्षांचा तो मेंढका काठीवर भार टाकून हसू लागला. "आरं," आबा म्हणाले, "वाड्याच्या तोंडाशी उभा ऱ्हाऊन मेंढरं मोजतो त्याला कवा कुनी मेंढरात धरलंय का? चार दिस ह्यो मानूस आपल्यात खातोय, पितोय, हिंडतोय. आन् मोजलाय का?"

"मला मांडवगणला मोजलंय," गुरुजी म्हणाले.

"तिकडं. हितं न्हाई."

"इथे नाही," गुरुजींना कबूल करणे भाग पडले.

"मग लोकरवाडीत न मोजल्यालं एक मानूस हाय. देवाची वाटनी पुरी." आबांनी काठी आपटली. "गिता मोकळी झाली. घाला तिचं नाव."

विठाबाईंनी गुरुजींस डोक्यापासून पायापावेतो न्याहाळले. "ह्यांच्या अंगाला सोसंल का एवढ्या गावाची नजर?" त्यांणी चिंता दाखविली. साहेबराव म्हणाले, सरकारी माणूस आहे, सवय असते.

मग गुरुजींनी पिवळ्या बोटांनी कागद पुढे ओढला. रविराजने नाव सांगितले, वय सांगितले. शेवटचा सवाल आला, काय करतात. गुरुजींनी सवयीने उत्तर आधीच लिहावयास घेतले, घरकाम. घ लिहिला गेला. तोच मातोश्रींनी पाटीतून मेथीची एक जुडी उचलून कागदाच्या बरोबर त्या जागी ठेविली, मुळांमातीसकट. गुरुजींनी जुडीकडे पाहिले, मातोश्रींकडे पाहिले, त्या नजरेत जुन्या पाटाची आठवण दिसली, आणि त्यांणी घ खोडून शेती लिहिली. चार दिवसांत लिहिलेल्या सर्व शेतींत ही एक त्यांणी विचार करून लिहिली. बेरीज जाहली तीनशे. सूर्य मावळावयास चार बोटे बाकी होता.

तदनंतर गुरुजी फटफटीवर स्वार होऊन कूच करते जाहले आणि ओढ्याच्या अलीकडे फटफटी एकदा खोकली, दोनदा खोकली आणि बंद पडली, ती काही केल्या चालेना. लोकरवाडीची रयत उंचावरून हे पाहत होती. विठाबाईंनी अपेक्षेच्या पाठीवरून हात फिरवून निःश्वास सोडला, "बसली एकदाची नजर. जिथं बसायची तिथं बसली." गावात समाधान पसरले. सोपानराव बसल्या जागेवरून उठून फटफटी ढकलण्यास गेले, आणि हे त्यांचे त्या वर्षातील पहिले काम, हेही येथे नमूद असावे. दिवेलागणीस मौन सुटताच मातोश्री मीठमिरच्या घेऊन धापा टाकीत फाट्याच्या वाटेवर गेल्या, गुरुजींस दगडावर बसवून त्यांची दृष्ट काढिली आणि त्या दिवसाचे पहिले वाक्य बोलल्या, "गुरुजी, दर सोमवारी काढीत जाईन. बिनघोर ऱ्हावा." गुरुजींस मेथीच्या दोन जुड्या मिळाल्या. फटफटी दुसऱ्या दिवशी दुरुस्त जाहली. अपेक्षेस चौथ्या दिवशी कन्या जाहली, मायलेकी सुखरूप.

तहसिलीचा दाखला आगारास पोचला, रविराजने पाडव्याची मुदत गाडी येईपावेतो वाढविली, आणि शके १९२३, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीस, एस.टी. हॉर्न वाजवीत लोकरवाडीत शिरली. पिंपळाला तोरण होते. मातोश्री गिताबाई पाटी घेऊन सर्वांआधी चढल्या. वार सोमवार. कंडक्टरने तिकिटाची पेटी उघडून विचारले, "मावशी, किती माणसं?"

आता विचारणारा मोजणारा होता आणि उत्तर देणारी लोकरवाडीची होती. पिढ्यानपिढ्यांच्या रिवाजाने एक मागे ठेवावे तर एकातून एक गेल्यावर गाडीत कोणीच उरत नव्हते. मग मातोश्रींनी एक बोट वर केले आणि ते बोट आपल्या छातीला लाविले. कंडक्टरने एक तिकीट फाडले.

येणेप्रमाणे लोकरवाडीची मोहीम फत्ते जाहली. तीनशे माणसे, त्यांवर एक पोटातून बाहेर येऊन जादा. एक्केचाळीस वाती, तेल मेथीचे. गाडी रोज सकाळी साडेसातास. न मोजलेले माणूस एक, मांडवगणास सुखरूप. वाघ्याचे नाव सरकारी कागदावर छाटलेले असले तरी वाचता येते. ऐसे जाहले ते जैसे जाहले तैसे लिहोन ठेविले असे. बिरोबाचे नावाने चांगभले.